पऱ्हाटी जाळण्याऐवजी

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आदिलाबादच्या शिवारांत पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात आणि धाप लागलेली बालके कडेवर घेऊन आईबाप माझ्या दवाखान्याची पायरी चढतात. शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण गुलाबी बोंडअळी मागे राहू नये म्हणून शेत त्याला मोकळे करावेच लागते, आणि पऱ्हाटी विकत न्यायला कोणी येत नाही. तिला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते गिऱ्हाईक कोण, याचे एक उत्तर आपल्या रोजच्या परिचयाच्या डायपरमध्ये आहे. त्यातील ओल धरणारे पांढरे दाणे म्हणजे खनिज तेलापासून बनलेले सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरतात. मूत्रातील क्षारांमुळे ही क्षमता बरीच घटते. असा पदार्थ वनस्पतींपासूनही होतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ सेल्युलोजवर आधारलेले असून किमान 350 पट पाणी शोषते. हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते. पऱ्हाटीतही सेल्युलोज मुबलक आहे. तिच्यातील लिग्निन काढून सेल्युलोजवर अ‍ॅक्रिलिक साखळ्या जोडायच्या आणि त्या एकमेकींत गुंफायच्या, अशी ही रीत. फुगलेला जेल दाबाखाली फुटू नये म्हणून त्यात चिकणमाती किंवा औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळतात. राखेची वाण आपल्याकडे नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील जयपूरला (आता मंचेरियाल जिल्हा) सिंगरेणीचे वीजकेंद्र आहेच.

येथे मात्र माझ्यातला डॉक्टर अडून बसतो. राखेत आर्सेनिक, क्रोमियम, शिसे असू शकते. तान्ह्या बाळाच्या कातडीला हा पदार्थ तूर्त लागू नये. त्याची परीक्षा आधी कोरडवाहू कपाशीत व्हावी. तेथेही पाझरणारे पाणी तपासावे लागेल. शिवाय ‘टिकाऊ’ म्हणजे किती पावसाळे? पुनःपुन्हा फुगून सुकणारा दाणा शेतात गुणाचा. पण त्यातला अ‍ॅक्रिलिक भाग सहजी कुजत नाही, हेही विसरता येत नाही.

आदिलाबादच्या कृषी संशोधन केंद्राने निदान एका हंगामाची चाचणी घ्यावी, अशी विनंती आपल्या संघटनेने करावी. पाण्याचे नमुने तपासण्याचा खर्च आपण वर्गणीतून उचलू. सभासदांनी होकार दिल्यास पत्राचा मसुदा मी पुढील बैठकीत मांडतो.