गांवठाणालगतची वसाहत आणि पाण्याची वाट

शेतजमिनींत घरांच्या जागा पाडण्याचा जो उद्योग हल्लीं गांवोगांव चालला आहे, त्यासंबंधानें दोन शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. माढा तालुक्यांत कुर्डुवाडी जंक्शन आणि पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील टेंभुर्णी यांच्या आसपास हा प्रकार जुनाच. आतां तो लहान गांवांच्या वेशीशीं येऊन ठेपला आहे. आमच्या गांवींही अशा एका रेखांकनाची बोलणीं चालू आहेत. विकणारा खूष, घेणारा खूष, चिंतेंत काय तो बांधाशेजारचा शेतकरी. आंखणी करणाऱ्या गृहस्थांस मीं पाण्याबद्दल विचारलें, तेव्हां त्यांनीं नकाशांतील गटारीची रेघ दाखविली. गटार घरांचें पाणी नेईल. वरच्या अंगाच्या पन्नास एकरांचें कोण नेणार?

मी घरांच्या विरुद्ध नाहीं. जुनें गांवठाण भरून गेलें. एका वाड्याचे चार वांटे झाले, आणि चौथ्या भावास चुलीपुरतीही जागा उरली नाहीं. कर्जांत बुडालेल्या खातेदारानें रस्त्याकडेचा एकर विकला, तर त्यासही नांवें ठेवतां येत नाहींत.

परंतु नकाशा उन्हाळ्यांत तयार होतो, हें मीं स्वतःच्या चुकीनें शिकलों आहें. महसूल खात्यांत असतांना बिनशेतीचें एक प्रकरण माझ्या हातून गेलें. सात-बारा निर्वेध, मोजणी बिनचूक, चावडीवर जाहीर नोटीस डकविलेली. मुदतींत कोणी आलें नाहीं, सबब 'हरकत नाहीं' असा शेरा लिहून मीं कागद वर पाठविला. जागेवर गेलों नाहीं. जाण्याची सक्ती नव्हती, आणि ऊनही फार होतें.

पुढें तेथें दोन हात मुरूम भरून जमीन उंच करण्यांत आली. वरच्या रानांतून पावसाळी पाणी नेणारी घळ त्यांत बुजली. मोजणीच्या नकाशांत ती नव्हतीच. कारण ती कांहीं सरकारी ओढा नव्हे, चार खातेदारांच्या बांधांमधून पिढ्यानपिढ्या चालत आलेली पाण्याची वाट. भाद्रपदांत काळ्या रानांत पाणी आठ दिवस तुंबलें आणि उभी तूर पिवळी पडून जागच्या जागीं गेली. मी निवृत्त झाल्यावर त्या रानाचे धनी, सत्तरी उलटलेले आबा, घरीं आले. रागावले नाहींत. "भाऊसाहेब, कागद करताना आमचं रान दिसलं न्हाई व्हय?" एवढेंच विचारलें. मीं चहा सांगितला. उत्तर दिलें नाहीं.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें ४० आर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनांत १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. नियम उत्तम. पण ती जागा पुष्कळदां जेथें घर विकलें जाणार नाहीं अशा लवणांतच दाखवितात, आणि मुलांची बाग म्हणून रंगविलेल्या हिरव्या चौकोनांत आषाढांत बेडूक ओरडतात! माझें म्हणणें, ती खुशाल लवणांत असावी. मात्र ती भरूं नये, व रस्त्याखालीं पुरेशा रुंदीची मोरी घालावी. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या पुरानें या तालुक्यांतील नदीकाठच्या गांवांची काय दशा केली तें सर्वांनीं पाहिलें. सीना निदान नकाशावर दिसते. घळ तेवढीही दिसत नाहीं.

महसूल कायद्यांतील दुरुस्त्यांनीं गांवठाणापासून २०० मीटरांच्या पट्ट्यांत बिनशेतीचें काम सोपें झालें. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठीही घरांच्या जागांपुरती २०२५ सालीं सैल झाली. कचेरीचे खेटे वाचले हें बरेंच झालें. पण जुनी चौकशी कितीही रेंगाळो, तींत शेजाऱ्यास तोंड उघडण्याची संधि होती. ती आतां त्यानें स्वतः साधली पाहिजे. ग्रामसभेंत नकाशा मागावा, आंखणी करणारांस भर पावसांत बांधावर न्यावें, आणि पाण्याची व बैलगाडीची वाट खुंट्या ठोकून दाखवावी. इतकेंही करून कोणी बेकायदा भराव घालून शेताच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ अडविला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दावा लावतां येतो. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. आबांच्या रानाखालीं भराव पडला माघांत; ते माझ्याकडे आले कार्तिकांत.