आमचे चर्च कशासाठी?

आमच्या धर्मग्रामात घरे अवघी सदतीस. फादर तालुक्याच्या गावाहून महिन्यातून दोन रविवारी येतात. तरुण मुले बेळगाव, गोवा, पुणे अशी कामासाठी पांगली आहेत. "एवढ्याशा चर्चवर दरवर्षी कौले बदलण्याचा खर्च कशाला?" असा प्रश्न आमच्याच बैठकीत निघाला होता. त्याचे उत्तर आम्हाला गेल्या पावसाळ्यात मिळाले, आणि ते मिळताना आमची मान खाली गेली.

भाताची लावणी चालू होती. चर्चमागच्या वस्तीतील एक मजूर दमून जमिनीवर झोपला असता त्याला रात्री मण्यार चावला. फारसे दुखले नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या. घरच्यांनी आधी मांत्रिक गाठला. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. त्या रात्री चर्चच्या आवारात आमच्यापैकी एकाची जीप उभी होती. ती मागावी असे वस्तीत कोणाला सुचले नाही. दोष त्यांचा नव्हे. इतकी वर्षे शेजारी राहूनही "हक्काने हाक मारा" असे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्मी तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत. कर्नाटक सरकारने 2024 साली सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना सक्तीची केली, हे चांगले झाले. परंतु झोपडीपासून दवाखान्यापर्यंतची वाट कोण कमी करणार? ते काम शेजाऱ्याचेच.

म्हणून यंदा आम्ही चर्चच्या दाराशी फळा लावला आहे. कोणाची गाडी रात्री मिळेल, त्याचा फोन, रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक, आणि सर्पविषावरची लस कोणत्या दवाखान्यात आहे, हे त्यावर लिहिले आहे. लस आहे की नाही याची चौकशी पावसाआधीच करून ठेवली. महिन्यातील एका रविवारचे दान पेट्रोलसाठी बाजूला ठेवतो. फळ्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून तो अवयव स्थिर ठेवा. रोग्याला चालवू नका, धीर द्या, आणि थेट दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. झोपताना खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, रात्री बाहेर पडताना बॅटरी, एवढी सवय घरोघरी लावली तरी पुष्कळ संकट टळेल.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "चर्च प्रार्थनेसाठी, दवाखान्याची कामे सरकारने करावीत." त्यांचा मान राखून आम्ही विचारतो: प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतात जखमी माणसाला टाळून पुढे गेलेले दोघे प्रार्थना जाणणारेच होते ना? शोमरोन्याने त्याचा धर्म विचारला नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. म्हणजे त्यानेही वाहनच दिले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही असा फळा मृगाच्या आत लागावा, एवढीच विनंती. आपली वस्ती वेगळी असेल, तिची नड वेगळी असेल. कोठे क्षयरोग्याला सहा महिने गोळ्यांची आठवण करून देणारे माणूस हवे असेल, कोठे विहिरीत औषध टाकणारे. आधी शेजारी जाऊन विचारा. चर्च लहान आहे याची खंत आम्हाला आता वाटत नाही. मध्यरात्री आमचे दार वाजले, तर आमची मिस्सा वस्तीपर्यंत पोहोचली असे आम्ही समजू.