लेस बांधायला शिकवा

तिसरीतला मुलगा मंदिराबाहेर पाय पुढे करून उभा, आणि आई वाकून त्याच्या बुटाची लेस बांधतेय! मैत्रिणींनो, मला हे कौतुक वाटत नाही. चार वर्षांच्या बाळाला वेल्क्रो ठीक आहे, त्याची बोटं अजून तयार नसतात. पण सहाव्या-सातव्या वर्षी बहुतेक मुलांना हे जमतं. शाळेच्या घाईत नको, रविवारी निवांत शिकवा. आधी साधी गाठ, मग सशाचे दोन कान. गाठीत डावी लेस वर घेतली असेल, तर कानांत उजवा वर. नाहीतर गाठ सैल पडते. दहा वेळा सुटेल, सुटू द्या. प्रवचनात स्वावलंबनाला माना डोलावतो, मग घरी मुलांचे पाय का धरतो?