गाठींचं लाकूड

लाकडात गाठ म्हणजे खोट, असंच आपण ऐकत आलो. वखारीत फळी घेताना वडीलधारी मंडळी आधी गाठी बघत. आता मात्र गाठींचा ओक मुद्दाम मागून घेतात!

फांदी फुटते तिथं खोडात गाठ होते. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं, तशा लाकडाच्या रेषा तिच्याभोवती वळतात. फळीत अशी गाठ असली की ताकद कमी होते. पण व्हिनियर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. भार खालचं प्लायवूड पेलतं, गाठ नुसती शोभेला.

दुकानातल्या वीतभर नमुन्यावर भुलू नका. त्यात एक गाठ गोड दिसते. आठ बाय चारच्या तक्त्यात पंधरा निघाल्या तर कपाटाला कांजिण्या आल्यासारखं वाटतं. तक्ता उभा करवून चार पावलं मागं जाऊन बघा. एकाच ओंडक्याचे ओळीनं कापलेले तक्ते एकदमच घ्या, मागाहून जोड मिळत नाही. गाठीतली भेग भरलेली आहे ना, तेही बोट फिरवून पाहा. माझं मत विचाराल तर गाठी दर्शनी दारापुरत्याच, बाकी साधा ओक. आणि दाराच्या मागल्या अंगालाही व्हिनियर लावायला सांगा, नाहीतर दार वाकतं.

आता माझी फजिती. जेवणाच्या टेबलाला आम्ही हौसेनं ओक लावला. एका कोपऱ्यावरचं पॉलिश उडालेलं, तिथंच मी रात्री ओला लोखंडी तवा पालथा घातला. सकाळी शाई सांडल्यासारखा काळा डाग! ओकमध्ये टॅनिन असतं. लोखंड आणि ओल मिळाली की ते काळं पडतं. बाळगुटीतलं मायफळ ठाऊक आहे ना? तेही ओकच्याच जातीच्या झाडावर किडीमुळे आलेली गाठ. मायफळ आणि हिराकस मिळून पूर्वी खरोखरच शाई करीत.

मी घाबरून तारेची घासणी घेतली. लोखंडाचे कण रेषांत बसले, डाग पसरला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आणखी घासलंत तर खालचं प्लाय दिसेल." त्यांनी उरलंसुरलं पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिडनं डाग काढला. ते विषारी असतं, घरी करायला जाऊ नका हं. पॉलिशचा खर्च झाला तो झालाच, वर यजमानांचे टोमणे!

तेव्हा ओकला स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लावून घ्या. पुसायला घट्ट पिळलेलं मऊ फडकं, लगेच कोरडं. आणि पॉलिश उडालेलं दिसलं की पावसाळ्याआधीच मिस्त्रींना बोलवा.