फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय असते?

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव यांस,


खरिपात सोयाबीनच्या रानात पाठीवरचे पंप निघतात, तेव्हा फवारणाऱ्या मजुराचे संरक्षण म्हणजे बहुधा तोंडाला बांधलेला रुमाल. पण फवारणीतले विष मुख्यतः कातडीवाटे अंगात जाते. ओल्या सोयाबीनमधून चालताना मांड्या-पोटऱ्या भिजतात, पंप गळका असला तर पाठ भिजते, आणि द्राक्षमांडवाखाली तेच तुषार मानेवर पडतात. सर्वांत धोक्याची वेळ पंप भरतानाची, कारण बाटलीतले औषध तेव्हा पाण्यात कालवलेले नसते आणि हात उघडे असतात. या साऱ्यापुढे रुमाल काय करणार?

यवतमाळात 2017 साली उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा नियम नव्हता असे नाही. कीटकनाशक नियम, 1971 मधला 39वा नियम फवारणाऱ्यालाही लागू आहे. अंगभर आवरण, डोक्यावर टोपी, मनगटाच्या बरेच वर येणारे हातमोजे, चष्मा आणि बूट, शिवाय कापड विष न झिरपणारे व धुता येणारे हवे, इतके त्यात स्पष्ट आहे. तो फक्त बांधापर्यंत पोचला नाही.

‘दिले तरी मजूर घालत नाहीत’ असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्याला कारण आहे. उन्हात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून काम उरकत नाही, आणि मजुरी पंपामागे मिळत असेल तर थांबणे परवडत नाही. म्हणून दोष अडाणीपणाला न देता कपडा बदलायला हवा. बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या सरकारी संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये आणलेल्या ‘किसान कवच’ या संरक्षक पोशाखाचे कापड विष निष्प्रभ करते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. तेव्हाची किंमत सुमारे 4,000 रुपये. रोजंदारीवरचा माणूस ते घेणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. पण ज्याच्या पिकासाठी फवारणी होते त्याने आणि शासनाने मिळून तो भार उचलावा.

आपण जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आहात. पुढच्या खरिपाआधी गावोगावी असे संच भाड्याने मिळावेत, ते धुण्याची सोय व्हावी, आणि लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे, म्हणजे अतिविषारी, औषध विकणाऱ्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात हातमोजे व चष्मा ठेवलेले असावेत, यासाठी तरतूद व तपासणी करावी, ही विनंती.

आपला,
एक नागरिक