हालचालीचा रकाना

रोह्याचा भाचा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्यांच्या खात्यात सध्या वजन उतरवण्याचं खूळ शिरलंय. गेल्या रविवारी बहिणीकडे गेलो, तर वालाचं बिरडं ताटात पडायच्या आधीच भाच्याने माझा मोबाइल ताब्यात घेऊन त्यात उष्मांक मोजणारं ॲप टाकलं. "मामा, वय, उंची, वजन सांगा." सांगितलं. 61, 168 सेंटिमीटर, 78 किलो. इथवर ठीक होतं. मग पुढचा रकाना आला: दिवसभराची हालचाल कशी? बैठी, हलकी, मध्यम की जोरकस?

मी म्हटलं, मध्यम. आतून बहिणीचा आवाज आला, "मध्यम? पाणी प्यायलासुद्धा मला हाका मारायचा हा!"

आकडे एकदाच सांगून टाकतो. 1990 सालचं मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं सूत्र सध्या बरंच चालतं. किलोंना 10 ने गुणायचं, सेंटिमीटरना 6.25 ने, दोन्हींची बेरीज करून वयाची पाचपट वजा करायची. पुरुषाने त्यात 5 मिळवायचे, बाईने 161 वजा करायचे. माझे 1530 आले. नुसतं पडून राहिलं तरी शरीर साधारण एवढे जाळतं. त्याला बैठ्या माणसाने 1.2 ने गुणायचं, मध्यमवाल्याने 1.55 ने. आपल्याकडचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. 2020 च्या तक्त्यात 65 किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी 2110, मध्यम कामासाठी 2710 आणि कष्टाच्या कामासाठी 3470 उष्मांक धरलेत. 55 किलोच्या बाईला हेच 1660, 2130 आणि 2720.

म्हणजे बैठी लिहिलं तर माझ्या वाट्याला 1836 येतात आणि मध्यम लिहिलं तर 2370 च्या वर. मधला फरक साधारण दोन बशा पोह्यांचा. पोह्यांच्या बाबतीत मी किती हळवा आहे, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तेव्हा मी अडून बसलो यात नवल ते काय? वय चोरता येत नाही, वजनाला काटा आहे. सगळ्या सूत्रात थापा मारायला जागा आहे ती याच रकान्यात, आणि उत्तर सगळ्यात जास्त हलतं तेही तिथेच.

पेणला परतलो तरी तो रकाना डोक्यातून जाईना. आमच्याकडे तो भरायचा तरी कसा? गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर घ्या. सकाळपासून एका जागी. ब्रश टेकवताना श्वाससुद्धा रोखून धरतो आणि संध्याकाळी मान धरून उठतो. ॲपच्या लेखी बैठा. त्याच्याच मागे ओल्या मूर्ती उचलून फळ्यांवर चढवणारा पोरगा कष्टाच्या खात्यात. बरं, गणपतीच्या तोंडावर दोघेही रात्र रात्र जागतात आणि विसर्जनानंतर दोघेही पाय पसरतात. ॲप वय विचारतं, महिना विचारत नाही. पेणच्या माणसाला आधी महिना विचारायला हवा.

घरी ही पोह्याच्या पापडांचं पीठ कुटत होती. ज्यांनी ते कधी कुटलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गोळा आधी दगडासारखा असतो, तेलाचा हात लावून तो कुटत राहायचा, मऊ पडला की मग लाट्या. मी मोबाइल पुढे करून विचारलं, तुझं काय लिहू? ती म्हणाली, "बैठंच लिहा. बसूनच तर करतेय. या, बसा तुम्हीही." मी बसलो नाही.

वजनाच्या गोष्टीत हमखास आठवतात ते आमच्या तालुक्यातले विनोबा. जन्म गागोद्याचा, 1895 चा. सगळं जग वजन उतरवायला बसलेलं असताना त्यांची अडचण उलटी होती. 1938 साली त्यांचं वजन 88 पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम 40 किलो. गांधीजींना घोर लागला. थंड हवेच्या ठिकाणी जा, असं सुचवलं गेलं. विनोबांनी निवडलं पवनार, धाम नदीकाठचा जमनालाल बजाजांचा बंगला. येताना आश्रमाच्या सगळ्या काळज्या मागे सोडल्या आणि तिथे आवारात खणायला लागले. सुरुवात अगदी थोड्या मिनिटांची, मग रोज थोडं थोडं वाढवत तास-दोन तासांपर्यंत. वजन 128 पौंडांवर गेलं. एरवी खाणं तोलूनमापून. पुढे 1951 पासून भूदानासाठी देशभर पायी हिंडले तेही तसल्याच मोजक्या आहारावर.

भाच्याला फोनवर हे ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, ते वाढवायचं झालं. आपल्याला उतरवायचंय." हिने पलीकडून ऐकलं असावं. म्हणाली, "कुदळ दोन्हीला तीच. परसात केळीची आळी खणायची राहिलीत. पाच मिनिटांपासून सुरू करा."

मी गडी लावलाय. उन्हं चढेपर्यंत तो खणतो, मी पडवीत बसून आळी सरळ रेषेत येताहेत ना ते बघतो. नऊ वाजता पोहे येतात. दोघांना सारखेच.