हात थरथरतो म्हणून नापास करू नका
परभणीत टायपिंगची परीक्षा असो की नर्सिंगचे प्रात्यक्षिक, उमेदवाराचा हात थरथरला की ‘याला काही जमायचे नाही’ असा शेरा ठरलेला. हा शेरा अन्यायाचा आहे. धडधाकट माणसाने हात पुढे धरला तरी तो सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक हलतच असतो. स्नायूंना मज्जातंतूंकडून येणारे संदेश सलग धारेसारखे नसतात, त्यात हृदयाच्या ठोक्यांची भर पडते. भीती, दमणूक किंवा जागरण यांमुळे हा कंप वाढून नजरेत भरतो, इतकेच.

मग झटपट हालचालीला तो अडवतो का? १९८३ मध्ये गुडमन आणि केल्सो या संशोधकांनी उलटेच सुचवले होते: बोट ज्या दिशेला हलवायचे, त्याच दिशेला कंपाचा जोर असताना हालचाल सुरू होते, म्हणजे कंप हातभारच लावतो. २००० साली लेकी आणि कॉम्ब्स यांनी वाढलेल्या कंपात इशाऱ्यासरशी केलेल्या हालचाली तपासल्या, तेव्हा असा सरळ संबंध आढळला नाही. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, कारण इशारा मिळाल्यावर हात अनुकूल क्षणाची वाट पाहत नाही. मानवत-सेलूकडच्या शिवारात बोंडाची टोके चुकवत बोटे एका हिसक्यात कापूस ओढून घेतात. त्या हिसक्यापुढे मिलिमीटरच्या अंशाएवढा कंप तो किती!

कोणी म्हणेल, नेमबाजाचे काय? तिथे कंप नडतो, हे खरेच. कंप दाबणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध नेमबाजीत निषिद्ध आहे आणि त्यापायी उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली दोन पदके गमवावी लागली. पण नेम धरून ठेवणे वेगळे आणि झटक्यात कृती करणे वेगळे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या वेगवान टप्प्यात हात खालून उचलून तीन सेकंदांत गोळी झाडावी लागते. हात पुरता थांबण्याची वाट पाहायला तिथे सवडच नसते.

दुसरा आक्षेप आजाराचा. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असतानाच, सेकंदाला ४ ते ६ वेळा, ठळक हलतो. असे दिसले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पण परीक्षेच्या टेबलावरची थरथर म्हणजे तो आजार नव्हे. परीक्षकांनी अक्षरे बरोबर उमटली का, सुई योग्य जागी गेली का, एवढेच पाहून गुण द्यावेत. शिकवणाऱ्यांनी घड्याळ लावून, चार माणसांसमोर सराव करून घ्यावा. मित्राकडून प्रोप्रॅनोलॉलची गोळी मागून घेण्याचा मार्ग तर कोणी सुचवूच नये. दमा असलेल्या मुलाच्या ती जिवावर बेतू शकते.